नोड सरांची कोरी फ्रेम

बिरादार सरांना खोडरबराचा वास यायचा. मी वाढवून सांगत नाही. सकाळच्या प्रार्थनेला मुलांच्या रांगा लागल्या की सर नाक वर करून मधून चालत जायचे आणि एखाद्या पोरापाशी थांबायचे.

"काढ."

"काय, सर?"

"कंपासात हाय. डाव्या कोपऱ्यात. स्ट्रॉबेरीचा."

पोरगं मुकाट्यानं कंपास उघडायचं. गुलाबी खोडरबर सरांच्या पत्र्याच्या डब्यात पडायचा. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी डबा उघडून ते ज्याचा त्याला परत करायचे, नाव न विचारता, आणि एकाचा दुसऱ्याला कधी गेला नाही. वर बजावायचे, "घरी काय खोडायचं ते खोडा. माझ्या तासाला न्हाई."

लातूरच्या त्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला आणि पर्यवेक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी माझाही पकडला. मी शिक्षकखोलीत बसून वेळापत्रक आखत होते. माझा खोडरबर पांढरा, बिनवासाचा, चारही कोपरे शाबूत असलेला.

"बाई, हे जमा करा."

"मी शिक्षिका आहे."

"हाव. म्हून तर 'जमा करा' म्हणलो. पोरांना 'काढ' म्हणतो."

मी दिला नाही. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. वही अशी हवी की चूक कधी झालीच नव्हती असं वाटलं पाहिजे, हे मला तिथे सहाव्या वर्षी शिकवलं गेलं होतं. सरांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि ते गेले.

इरा आणि चिन्मय, मागच्या रविवारी तुम्ही फोनच्या पडद्यावरून माझी खोली पाहिलीत आणि हसत विचारलंत, "आजी, ती फ्रेम रिकामी का? चित्र घालायला विसरलीस?" आजी विसरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या डाळींच्या डब्यांवरसुद्धा तारखा असतात. ती फ्रेम सरांची आहे. तिच्याबद्दल फोनवर सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

सर निलंग्याच्या पलीकडचे. त्या भागात आई कानडीत हाक मारते आणि मुलगा मराठीत ओ देतो. त्यांची मराठी आमच्यासारखीच मराठवाड्याची, पण एक शब्द कानडी राहिला होता: "नोड." म्हणजे बघ. मोठ्या माणसाला "नोडी." मुलांनी दप्तरातून पेन्सिल काढायच्या आधीच ते म्हणायचे, "नोड! आधी बघ, मंग काढ." सगळी शाळा त्यांना नोड सर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

दोन्ही कानांवर दोन पेन्सिली. एक मऊ, एक कडक. पायजमा, वर शर्ट, शर्टाला खडूचा आणि कोळशाचा असा मिश्र रंग. सायकल होती, पण चालवताना क्वचितच दिसले; बहुतेक वेळा तिला धरून कुठेतरी उभे असायचे. एकदा गंजगोलाईच्या वळणावर एका म्हशीमागे उभे होते. म्हशीच्या मालकाला वाटलं, गिऱ्हाईक आलं.

"घेताव का, सर?"

"न्हाई. पाठ बघून राहिलो."

"पाठ?"

"धा मिनटं झाली. आपण सरळ रेघ मारतो, पर हिची पाठ कुठंच सरळ न्हाई. तुम्हाला ठाव होतं का?"

मालक शाळेत येऊन सांगून गेला की तुमच्या एका मास्तरला ऊन लागलंय.

त्यांचा चित्रकलेचा वर्ग मैदानाच्या टोकाला होता. भिंतीवर मुलांची चित्रं, आणि त्या चित्रांना केस असायचे. खोडायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? एक रेघ चुकली की शेजारी दुसरी, तीही चुकली की तिसरी. आंब्याला लव, घागरीला दाढी. ग्रेड परीक्षेला आमची मुलं दुसऱ्या केंद्रावर गेली, तेव्हा तिथल्या परीक्षकांनी निरोप धाडला होता की तुमच्या शाळेतल्या घागरी एकदा न्हाव्याकडे पाठवा.

"हसू द्या," सर म्हणाले. "चुकलेली रेघ ऱ्हाऊ द्यावी, बाई. पोरगं कुठून कुठं आलं ते कळतंय."

आणि त्या सगळ्या केसाळ चित्रांच्या मधोमध एक फ्रेम. लाकडी, काच नसलेली, आत पिवळट कोरा कागद. एकदा शिक्षणाधिकाऱ्यांकडचे साहेब तपासणीला आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"चित्र हाय, साहेब."

"दिसत नाही."

"उजेड कमी हाय."

साहेबांनी शेरा लिहिला, 'चित्रकला वर्गात प्रकाशाची व्यवस्था करावी.' महिन्याभरात दोन ट्यूबलाइट लागल्या. शिक्षकखोलीत पुढची कित्येक वर्षं हा विनोद चालला: सरांचं सगळ्यात चांगलं चित्र कोणतं? तर ते कोरं. त्यात एकही चूक नाही. मीही हसत असे.

दरवर्षी जून संपता संपता सर नववीला एकच गृहपाठ द्यायचे: आपल्या घराचं दार काढून आणा. एकदा नव्हे, सात दिवस, एकाच कागदावर. रोज बसायचं, बघायचं, जे वेगळं दिसेल त्याची रेघ त्यातच मारायची. पालक चिडायचे. एक डाळमिलवाले गृहस्थ तर थेट वर्गात शिरले.

"सर, दार पायजे तर सुताराकडून करून देतो. माझ्या पोराचा आठवडा कामून घालवताव? त्याला डाक्टर करायचाय."

"करा की."

"मंग?"

"डाक्टरला आधी बघता आलं पायजे. तुमच्या पोराला इचारा, तुमच्या दाराची कडी कोणत्या हाताला हाय. रोज उघडतंय त्ये."

पोराला सांगता आलं नाही. गृहस्थांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं, मग स्वतः आठवायला लागले. त्यांनाही आठवेना. दोघे घरी गेले.

हे हसण्यावारी जात होतं, कारण तेव्हा वेळापत्रकात नववीला चित्रकलेचे दोन तास होते. पण गाव बदलत चाललं होतं. शेजारच्या जिल्ह्यांतून आईबाप मुलांना घेऊन लातुरात यायला लागले होते. घरांच्या गच्च्यांवर खोल्या चढल्या, खोल्यांत चार-चार पोरं, आणि चौकाचौकांत क्लासच्या पाट्या, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. आमच्या संस्थेलाही वाटलं, आपण मागे पडतो. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. नववीपासून स्पेशल बॅच, गणिताचे दोन जादा तास. "तुम्ही व्यवस्थित आहात, बाई. तुम्ही काढाल जागा."

जागा मी काढली. वेळापत्रकाचा मोठा तक्ता पेन्सिलीनं लिहिलेला असे. 'चित्रकला' मी माझ्या पांढऱ्या खोडरबरानं दोन चौकोनांतून इतकं स्वच्छ काढलं की कागदाला लव आली नाही. वर लिहिलं, 'गणित (जादा)'. दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्रापासून लागू.

सर आले. ओरडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी तक्ता उचलला, खिडकीपाशी नेला, डोळ्यांसमोर आडवा धरला आणि तिरका केला.

"बाई, खालचं अजून वाचता येतंय."

"म्हणून काय झालं?"

"काई न्हाई. लई दाबून लिहिलं होतं तुमी."

तक्ता त्यांनी जिथून उचलला होता तिथेच, कडेला कड जुळवून ठेवला.

त्यानंतर भूकंप झाला.

त्या पहाटेबद्दल मी फार लिहिणार नाही. लातुरात आमची भांडी पडली आणि भिंतींना चिरा गेल्या; औशाकडच्या गावांत दगडमातीची घरं माणसांवर बसली. शाळा कित्येक दिवस बंद होती. उघडली तेव्हा कुणी छपराखाली बसायला तयार होईना, म्हणून वर्ग मैदानात, लिंबाखाली भरले. हजेरी घेताना काही नावांना उत्तर यायचं नाही आणि ते का आलं नाही हे मुलांमध्ये कुणीतरी खाली बघत सांगायचं.

महानंदाचं उत्तरही आलं नाही, पण ती समोर बसलेली होती.

महानंदा नववीत, आमच्या वसतिगृहात राहणारी. गाव त्या पट्ट्यातलं. भूकंपाच्या आदल्या दिवशी, गणपती विसर्जनाला घरी जायची सुट्टी मागायला ती माझ्याकडे आली होती. दोन दिवसांवर घटक चाचणी होती. मी नियम दाखवला आणि नाही म्हटलं. ती रडत वसतिगृहात परत गेली. म्हणून ती वाचली. आई, वडील आणि लहान भाऊ घरात होते. त्या नाही म्हणण्याचं काय करायचं, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

महानंदा बोलेना. कुणी पाणी दिलं तर प्यायची, उठ म्हटलं तर उठायची. वही समोर उघडी, पेन हातात, कागद कोरा. दिवाळीनंतरच्या चाचणीत तिनं सगळ्या विषयांचे कागद कोरे दिले, त्यांवर नावसुद्धा नव्हतं. स्पेशल बॅचच्या शिक्षकांनी सांगितलं, हिला मागे बसवा, बाकीच्यांचा वेळ जातो. मी तिला मागे बसवलं.

सर रोज माझ्याकडे येत. "बाई, तिला एक तास द्या मला."

"नववीला आता चित्रकला नाही, सर."

"ठाव हाय. मी कुटं म्हणलो वर्गाला द्या. एकटीला द्या."

"एकीला दिला तर सगळे मागतील."

"मागू द्या की. आजवर कोण मागितलंय?"

मी दिला नाही. नियम सगळ्यांना सारखा, हे मी तुमच्या आईलाही लहानपणी शिकवलं. मला ते खरं वाटत होतं.

डिसेंबरात तिचे चुलते कंधारहून आले. थकलेला, प्रामाणिक माणूस; डोक्याला टापशी, हातात तिकीट अजून तसंच. स्वतःच्या भावाला माती देऊन आलेल्या त्या माणसाला मी खुर्ची पुढे केली. महानंदा दाराशी उभी होती.

"बाई, पोरीला न्यायला आलो. नाव काढून द्या."

"नववी तरी होऊ दे."

"काय व्हऊ द्या? पोरगी बोलना, लिहिना. मास्तर लोक म्हणत्यात नापासच हाय. कंधारला लग्नाची एक जागा बघून ठिवली. तिथं बोलायची गरज न्हाई, काम करती म्हणलं की झालं."

दाखल्याचं पुस्तक माझ्या टेबलावर होतं. मी ते उघडलं. तारीख घातली. नाव लिहिलं.

तेवढ्यात सर आत आले. काखेत चित्रांचा गठ्ठा. परवानगी न विचारता त्यांनी त्यातला एक कागद काढून माझ्या टेबलावर, दाखल्याच्या पुस्तकावरच पसरला.

"पावणं, नोडी. वळखा बरं."

एक दार होतं. जूनमधला गृहपाठ, ती वसतिगृहात यायच्या आधी गावाहून एसटीनं ये-जा करत होती तेव्हाचा. दगडी उंबरा, उजवीकडे झुकलेली चौकट, कडीच्या जागी बांधलेली दोरी. सात दिवसांच्या रेघा, सगळ्या केसांसकट. चुलते वाकले.

"आमचंच हाय," ते म्हणाले. "चौकट दादानं बसिवलेली. वाकडीच बसली व्हती."

"आता आत बघा. उंबऱ्यावर. दाराच्या रेघांच्या खाली."

मीही वाकले. दाराच्या गडद रेघांखाली फिकट रेघा होत्या. पहिल्या दिवशीच्या. उंबऱ्यावर एक बाई बसली होती, गुडघा उभा, मान खाली. बहुधा मध्येच कामाला उठून गेली असावी. मग मुलीनं रिकाम्या उंबऱ्यावरून दार पुढे नेलं होतं. दुसऱ्या कुठल्याही शाळेत असतं तर तिनं ती बाई खोडली असती. घर गेलं, पेटी गेली, पेटीतला लग्नातला एकुलता फोटो गेला. हा कागद शाळेच्या कपाटात राहिला.

टापशीचं टोक चुलत्यांनी तोंडाला लावलं. "वयनी," ते म्हणाले.

सर काही घडलंच नसल्यासारखे पेन्सिलीचं टोक रेघांवरून फिरवत होते. "हा गुडगा. ही मान. आन ही खाली आलेली रेघ, हे सूप. जोंधळे पाखडून राहिली."

"सूप न्हाई."

आवाज दाराकडून आला. घोगरा, न वापरलेला.

"सूप न्हाई त्ये," महानंदा म्हणाली. "पदर हाय. सूप पल्याड हाय."

सर मान खाजवत म्हणाले, "बघ, मला दिसलंच न्हाई. ये, दाखव कुठं हाय सूप."

ती आली आणि तिनं बोट ठेवलं.

म्हशीच्या पाठीत सरळ रेघ नाही हे ज्यानं भर रस्त्यात हेरलं, तो माणूस पदराला सूप म्हणाला. त्यांना ते चुकून दिसलं की मुद्दाम, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

चुलते म्हणाले, "वार्षिक परीक्षेपस्तोर ठिवतो. पास झाली तर ऱ्हाईल. न्हाई झाली तर मला बोलवू नका, मीच येतो."

तारीख घातलेलं ते पान मला रद्द करावं लागलं. दाखल्याच्या पुस्तकात खोडता येत नाही. आडवी रेघ मारून सही करावी लागते. नाव खाली दिसत राहतं.

वेळापत्रक मी बदलू शकले नाही. पण जादा गणिताच्या तासाला महानंदा वर्गात नसेल आणि व्हरांड्याच्या टोकाला सरांपाशी बसलेली असेल, हे मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे मी कुणाला कळू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तक्त्यावर नसलेला तास मी चालू दिला.

सर काय शिकवत होते हे मी येता-जाता ऐकत असे. त्यांनी तिला आंबे-घागरी काढायला लावल्या नाहीत. विज्ञानाचे शिक्षक वर्गात जे शिकवत, त्याचंच ते तिला चित्र काढायला सांगत. जास्वंदीचं फूल कापून ठेवत. शेळीचं काळीज खाटकाकडून आणून पाटावर ठेवलं तेव्हा मुख्याध्यापक बेजार झाले. "नोड. आधी बघ." मुलगी काढायची. चित्र झालं की म्हणायचे, "हे काय?"

ती बोट दाखवायची.

"बोट मला कळतंय, पेपर तपासणाऱ्याला कळंल का? नाव लिव्ह. नाव लिहिल्याबिगर चित्र पुरं होत न्हाई."

मग नाव. मग, "हे काय काम करतंय? एक ओळ लिव्ह, न्हाई तर लोकं म्हणतील, हे दारच हाय." अशी एकेका ओळीनं ती परत लिहायला लागली. भूगोलात नद्या आल्या, भूमितीत वर्तुळं आली. माझ्या इंग्रजीत त्यांना काही काढण्यासारखं सापडेना, तेव्हा मला येऊन म्हणाले, "बाई, तुमचा विषय लई कोरा हाय." शेवटी धड्यातल्या शब्दांची चित्रं काढून तिनं शब्द पाठ केले. 'बट', म्हणजे 'पण', ह्या शब्दाचं चित्र तिनं अर्धं उघडलेलं दार असं काढलं होतं. इतक्या वर्षांत ते मला सुचलं नव्हतं.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी ती पुन्हा गप्प झाली, तीन दिवस. मग परत बोलली. असं होत राहिलं. वार्षिकला ती पास झाली, गणितात काठावर. पेढे वाटण्यासारखं काही नव्हतं. चुलते आले नाहीत. त्यांनी पोस्टकार्ड पाठवलं, 'पोरगी तिथंच असू द्यावी.' मी ते जपून ठेवलं आहे.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. पण मला नीट सांगायचं आहे.

पुढच्या वर्षी आमच्या स्पेशल बॅचचा निकाल चांगला लागला आणि आणखी एक तुकडी निघाली. तिला खोली हवी होती. ट्यूबलाइट असलेली, मैदानाच्या टोकाची, शांत खोली कोणती, हे सगळ्यांना माहीत होतं. चित्रं उतरवायला सर एकटेच आले. मुलांची चित्रं त्यांनी ज्याची त्याला परत केली, दिवाळीच्या खोडरबरांसारखी, नाव न विचारता. स्वतःसाठी फक्त ती कोरी फ्रेम घेतली आणि सायकलच्या कॅरिअरला बांधली. शिक्षकखोलीतून कुणीतरी ओरडलं, "सर, जपून! रंग उडतील!" सर हसले. मीही खिडकीत होते.

नंतर निवृत्त होईपर्यंत त्यांना पाचवी-सहावीचे थोडे तास मिळाले. उरलेल्या वेळात ते परीक्षांना पहारा द्यायचे. एका क्लासनं त्यांना जीवशास्त्राच्या नोट्ससाठी आकृत्या काढायला बोलावलं होतं. दोन दिवस गेले आणि परत आले. "काळीज आणू देईनात," म्हणाले. "दुसऱ्या पुस्तकातलं बघून काढा म्हणत्यात."

महानंदा डॉक्टर झाली नाही. तुम्ही विचाराल म्हणून लिहून ठेवते. ती अर्धापूरला शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या शाळेमागे केळीच्या बागा आहेत आणि केळफूल कापून मुलांपुढे ठेवायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

मी निवृत्त होऊन नांदेडला आले. सर लातुरातच एका खोलीत राहिले. महानंदाचं पत्र आलं की सरांच्या डोळ्यांना काचबिंदू झालाय, दिसणं जवळजवळ गेलंय, एकदा भेटून जा. मी एसटीनं गेले. उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून घेतल्या.

दुपार होती. खोलीत ट्यूबलाइट चालू होती. त्यांना तिचा काही उपयोग नव्हता, माझ्यासाठी लावली होती. दोन्ही कानांवर पेन्सिली तशाच. भिंतीवर फ्रेम. मी आलेली त्यांनी वासानं ओळखली.

"बिनवासाचा खोडरबर हाय जवळ," ते म्हणाले. "या, बाई."

पर्समध्ये खरंच होता. या वेळी मी तो काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी चारही कोपरे चाचपले आणि उशाखाली सरकवला.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी फ्रेम भिंतीवरून उतरवायला लावली. मांडीवर घेऊन त्यांनी बोटाचं टोक कागदावर ठेवलं आणि हळूहळू फिरवलं.

"ही आमची घरची," ते म्हणाले.

सरांचं लग्न झालं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"नवीन लगीन होतं. उंबऱ्यावर बसवून चित्र काढलो. तिनं बघितलं आन हसाय लागली. म्हणली, माझं नाक असं हाय? मला राग आला. मंग नीट काढू म्हून खोडलो. नुसतं नाक न्हाई, समदंच. मी तवा लई टापटीप होतो, बाई. तुमच्यावाणी." त्यांचं बोट थांबलं. "म्हणलो, सावकाश काढू. मी ट्रेनिंगला गेलो. आठ दिवसात तिला ताप आला. मी येईपस्तोर काई राहिलं नव्हतं."

"परत काढलं नाहीत?"

"बसलो की. पर नीट बघितलंच नव्हतं, बाई. काढायच्या घाईत व्हतो."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होऊन निघून गेली. मग त्यांनी फ्रेम माझ्याकडे दिली.

"रेघ दाबून मारली की खोडली तरी कागदात ऱ्हाती. इतकी वर्षं सकाळच्या उन्हात बघायचो. आता दिसना, आन बोटालाबी कळना झालंय. तुमी बघून सांगा. ती म्हणली तसं नाक खरंच वाकडं काढलो होतो का?"

मी फ्रेम ट्यूबलाइटखाली धरली. वर केली, खाली केली. पिवळट, सपाट कागद. पावणेचारची गाडी होती. खोटं बोलायची मला सवय नव्हती आणि ती त्या दिवशी लावून घ्यायचं मला सुचलं नाही.

"मला काही दिसत नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नोडी, बाई. आधी बघावं." मग माझी गाडी चुकेल म्हणून त्यांनीच मला उठवलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सर गेले. महानंदा अर्धापूरहून माझ्याकडे आली, केळी आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन. "सरांनी सांगितलं होतं, बाईंना द्या. त्यांच्याकडं पूर्वेची खिडकी हाय का इचारा."

माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. तरी मी फ्रेम समोरच्या भिंतीवर, बाकीच्या चौकटींच्या ओळीत, मोजून लावली होती. जानेवारीत एका सकाळी धूळ पुसायला खाली उतरवली आणि फडकं घ्यायला वळताना ती हातात तिरकी झाली. ऊन कागदावरून सरपटत गेलं.

आधी कान दिसला. मग कुंकवाचा गोल, मग हसू आवरलेली जिवणी. मी हलले नाही. फडकं खाली पडलं ते पडू दिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच आधी बघितलं, पुष्कळ वेळ, ऊन खिडकीवरून सरकेपर्यंत.

तुम्ही आलात की मी तुम्हाला सकाळी साडेसातला उठवणार आहे. कुरकुर करू नका. फ्रेम तिरकी कशी धरायची ते मी दाखवीन आणि मग तुम्हीच सांगा. माझी खात्री आहे, पण सरांना सांगायचं राहून गेलं म्हणून मला आणखी दोघांच्या तोंडून ऐकायचं आहे.

नाक सरळ आहे.